लेक – १

ऑक्टोबर संपत आला की डॅलसजवळच्या आमच्या अर्विंगचं ऊन एकदाचं माणसात येतं. शेजारचे काका हाफ पँटवर स्वेटर चढवतात, लोक गाडीच्या काचा खाली करतात आणि आमच्या देशी दुकानाच्या दाराशी संत्र्यांच्या लाल जाळीच्या पिशव्या येऊन बसतात. मी नागपूरची. संत्र्याच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये. ही इथली संत्री दिसायला गोंडस, सोलायला सोपी आणि चवीला इतकी सारखी की एक खाल्लं काय आणि दहा खाल्ली काय. तरी दरवर्षी पहिली पिशवी उचलायच्या आधी मी एकाच्या सालीला हळूच नख लावते आणि हुंगते. नवरा लाजतो. लाजू दे.

खरं तर त्या वासाबरोबर मला नागपूर आठवायला हवं. आठवतो तो नेपाळमधला एक डोंगर. डोंगराच्या कुशीत ओखरडाँडा नावाचं गाव, उतारावर एकाखाली एक शेतांचे तुकडे आणि प्रत्येक घराच्या कडेला एखादं तरी संत्र्याचं झाड. तिथे त्याला सुंतला म्हणतात. अंगणात चटयांवर नाचणीची कणसं वाळत पडलेली, त्यांचा कोरडा, जरासा धुरकट वास. सकाळी मातीवर हिमाची पातळ साय, आणि दहा वाजता तीच माती कुदळीखाली मऊ होऊन उघडायची. मी तिथे एकच हंगाम राहिले, दसऱ्यानंतर गेले ते थंडी सरता सरता परतले. सोळा-सतरा वर्षं झाली. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत स्वच्छ काम, असं मी परवापर्यंत समजत होते. पार्ट्यांमध्ये सांगायचेही. जेवणं झाल्यावर कुणी विषय काढला नाही तर मीच काढायचे.

डॅलसमधली एक नोकरी सुटली होती, दुसरी लागायची होती. पाण्याच्या नळयोजना हा माझा विषय. एका संस्थेला चार महिन्यांसाठी इंजिनियर हवा होता, मी गेले. त्या देशातलं आपसांतलं युद्ध थांबून दोन-तीन वर्षंच झाली होती. गावातले काही जण बंडखोरांबरोबर गेलेले, काही सैन्यात गेलेले, आणि काही कुणाबरोबरच न जाता कुणीतरी उचलून नेलेले. आता उरलेले सगळे एकाच झऱ्याचं पाणी पीत होते, आणि तो झरा तासभर चढणीवर होता. मला निघताना बजावलं होतं की युद्धाबद्दल विचारायचं नाही, पाण्याबद्दल विचारायचं. मी शहाण्या मुलीसारखं फक्त पाण्याबद्दल विचारलं.

काम गावानेच करायचं, गावानेच ठरवायचं. आपल्याकडे सावड असते ना, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, तशी त्यांची पर्म. युद्धाच्या काळात ती बंद पडली होती, कारण चार माणसं एका शेतात जमली की दोन्ही बाजूंना संशय यायचा. नळाचा चर खणायच्या निमित्ताने पर्म पुन्हा सुरू झाली. ज्या बायका वर्षानुवर्षं एकमेकींच्या अंगणात पाऊल टाकत नव्हत्या त्या एका रांगेत उभ्या राहून खणू लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ते खोटं नव्हतं, एवढं तरी मला धरून ठेवू द्या.

भाषेचा मला मोठा माज होता. लिपी आपलीच. भात म्हणजे भात, दूध म्हणजे दूध, हात, नाक, कान, घर, सगळं जसंच्या तसं. कुदळीला ते कोदाळो म्हणाले तेव्हा तर मला हसूच फुटलं. दुभाषी म्हणून दिलेल्या मुलीला मी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, "तू तुझं दुसरं काम कर गं, माझं भागतं." अर्धी नेपाळी मला मराठीमुळे येतच होती. उरलेली अर्धी मी हिंदीने भरून काढायचे. लोक हसायचे, आणि ते मायेने हसतात असं मी धरून चालायचे.

घरोघर जाऊन माणसं मोजायचं काम मी हौसेने स्वतःकडे घेतलं. गावाने नियम केला होता की ज्या घरात जितकी कामाची माणसं, तितके खोदाईचे वाटे. एका माणसाला बारा पावलं. डोंगराच्या बाजूचं शेवटचं घर धनमाया आमाचं होतं. आमा म्हणजे आई, तिथे मोठ्या बाईला सगळे तसंच म्हणतात. पन्नाशीची असेल, बारीक, काटक. पडवीच्या कठड्यावर पुरुषाचे पांढरे कॅनव्हासचे बूट धुऊन ठेवले होते, नाड्या ओवलेल्या. मी विचारलं, "घरमा कति जना?" घरात किती जण? ती म्हणाली, "म छु. एक जना लेकमा छ." आणि हनुवटीने वर कुठेतरी दाखवलं.

म्हणजे मी आहे, आणि एक... लेक... आहे. बूट तर समोरच होते. लेक वर गुरांमागे गेला असेल. केवढा आनंद झाला मला! बघा, लेकसुद्धा आपलाच शब्द. मी वहीत लिहिलं, 'लेक – १', आणि पुढे बेरीज, दोन.

नंतर शाळेच्या पटांगणात राखेने गावाचा नकाशा काढला. वाटा, झरा, घरं. प्रत्येक घरावर माणशी एक मक्याचा दाणा. ही माझी सर्वांत आवडती दुपार. काय भांडले लोक! "हा तर कतारला गेला, उचला त्याला!" "हिचं लग्न झालं, हिला सासरच्या घरावर ठेवा!" दाणे इकडून तिकडे फिरत होते, पोरं खिदळत होती, एका म्हातारबाबांनी स्वतःचाच दाणा खाऊन टाकला. मी धनमाया आमाच्या घरावर दोन दाणे ठेवले.

आणि सगळं शांत झालं.

ती शांतता मला अजून आठवते, कारण मी तिचा उल्लेख कित्येकदा केला आहे. मी सांगायचे की बघा, गावाचं एकमत झालं की कसं कळतं, भांडण थांबतं. मी स्वतः म्हणाले होते, "काही चुकलं असेल तर कुणीही दाणा उचला." गावचे हेडसर खाकरले आणि चष्मा पुसत बसले. आमा पुढे आली, वाकली, दोन्ही दाणे जवळजवळ सरकवले आणि जागेवर जाऊन बसली. कुणीही दाणा उचलला नाही. संध्याकाळी मी मोठ्या कागदावर ती यादी सुवाच्य अक्षरात उतरवली, 'धनमाया, जम्मा २, लेक १', आणि शाळेच्या भिंतीवर लावली.

मग चर खणणं सुरू झालं. आमाच्या वाट्याला चोवीस पावलं. ती एकटीच यायची. पदर खोचून, कोदाळो उचलून, न थांबता. बाकीच्यांचं संपलं तरी तिचं चाललेलंच. तिच्या पलीकडे वीरे नावाचा तिशीतला माणूस खणायचा, अबोल, जरा लंगडणारा. एकदा मी लवकर गेले तर तो तिच्या वाट्यात खणताना सापडला. मी त्याला चांगलंच झापलं. ज्याचा वाटा त्याने, गावाचा नियम आहे! तो मान खाली घालून स्वतःच्या वाट्यात गेला. आणि आमाला मी काय म्हणाले? मी म्हणाले, हसत हसत, सगळ्यांसमोर, "छोरालाई पठाउनुस् न, आमा!" मुलाला पाठवा की! सगळं तुम्हीच करता, तो काय झोपा काढतोय?

आमाने कपाळाचा घाम पुसला. "आउँछ," म्हणाली. येतो. आणि कमरेच्या पटक्यातून एक सुंतला काढून, सोलून माझ्या हातावर ठेवला.

दरवर्षी दुकानात उभी राहून मी हुंगते तो हा वास.

परवा हुंगताना मी नकळत तो शब्द तोंडाने बोलले. सुंतला. काउंटरवरच्या बाईने मान वर केली. मी तिला वर्षभर बघत होते, सरिता नावाची पट्टी लावलेली, नेहमी घाईत. आमच्या भागात नेपाळी मंडळी बरीच, त्यामुळे मला विशेष काही वाटलं नव्हतं. तिने हिंदीत विचारलं, "ये वर्ड आपको कैसे पता?" मी गावाचं नाव सांगितलं, मोठ्या तोऱ्यात, आता ही चकित होणार म्हणून. ती चकित झालीच. मागच्या रांगेला थांबवून ती बाहेर आली आणि म्हणाली, "पाण्याची म्याडम?" माझे दोन्ही हात धरून तिने कपाळाला लावले. ती धनमाया आमाची मुलगी निघाली. त्या हंगामात ती मामाकडे शिकायला होती, म्हणून मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"दिदी," ती रडत म्हणाली, "आपने मेरे दाइ को गिना."

दाइ म्हणजे मोठा भाऊ. तुम्ही माझ्या भावाला मोजलंत. मी बावळटासारखी हसत उभी राहिले. मोजलं म्हणजे काय? सगळ्यांनाच मोजलं होतं. तीच सांगू लागली, फ्रोझन पराठ्यांच्या फ्रीजला टेकून. युद्धात दाइला आणि वीरेला एकाच रात्री वर नेलं होतं. वीरे लंगडत परत आला. दाइ आला नाही. ना प्रेत मिळालं, ना कागद. सरकारी यादीत तो जिवंतांत नव्हता आणि मेलेल्यांतही नव्हता. "आणि तुम्ही सगळ्या गावासमोर त्याचा दाणा ठेवलात. भिंतीवर लिहिलंत. लेक एक. लेकवर एक जण."

"लेकवर?" मी विचारलं.

"लेक, दिदी. तो वरचा उंच डोंगर. त्याला आम्ही लेक म्हणतो ना."

मला वाटतं मी फ्रीजचं दार उघडलं असावं, कारण थंड हवा तोंडावर आल्याचं आठवतं. एक जना लेकमा छ. एक जण डोंगरावर आहे. तिने मला सगळं सांगितलं होतं, चार शब्दांत, पडवीत उभं राहून, आणि मी माझी मराठी तिच्या तोंडात कोंबून खुशाल बेरीज करून मोकळी झाले. पिशवी कुठे ठेवली, पार्किंगमध्ये कशी आले, काही लक्षात नाही. गाडी सुरू न करता किती वेळ बसले कोण जाणे.

धक्का एकदाच बसतो असं मला वाटायचं. तसं नसतं. तो आठवणी एकेक करून उघडत जातो. आधी शांतता आली, ती एकमताची नव्हती. दाणा उचलणं म्हणजे तो मेला असं मोठ्याने म्हणणं, आणि त्या पटांगणात ते म्हणायची कुणाची छाती होती? ज्यांनी त्याला नेलं त्यांचे भाऊ तिथेच बसले होते. मग आले धुऊन ठेवलेले बूट. मग वीरे, सगळ्यांच्या आधी येऊन आपल्या सोबत्याची बारा पावलं खणणारा, आणि त्याच्यावर ओरडणारी मी. मग ते 'छोरालाई पठाउनुस् न'. स्वयंपाकघरात भाजी चिरताना ते वाक्य आलं आणि मी सुरी खाली ठेवून ओट्याला धरून उभी राहिले. गावाला बाहेरून येऊन शिकवू नये, गावाचं ऐकावं, हे ज्या पोरीला पाठ होतं, तिने ऐकलंच नव्हतं. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे त्या गावात माझं नाव चांगलं आहे. त्यांना वाटतं की या बाईने जाणूनबुजून केलं. माझ्या चुकीला ते सोळा-सतरा वर्षं माझं मोठं मन समजत आले.

श्रीकांतला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला, हे तो फार क्वचित करतो. "आता कशाला सांगून राहिली कुणाले?" तो म्हणाला. त्याला काही लागलं की त्याचं नागपूर बाहेर येतं. "त्यांचं चांगलं चालू आहे ना यार. राहू दे." मुलगी ऑस्टिनहून फोनवर म्हणाली, "आई, यू हॅव टू टेल देम." दोघांचंही पटलं, त्यामुळे काहीच ठरेना.

ठरवलं सरितानेच. दोन दिवसांनी तिने घरी बोलावलं. आमा आता सत्तरीच्या घरात आली होती. गेल्या हिवाळ्यात पायरीवरून पडली, तेव्हापासून काठी. घरात एकटी. सरिताने तिची इकडे यायची सगळी कागदपत्रं दोन वर्षं खपून पूर्ण केली होती, व्हिसा हातात होता, आणि आता आमा येत नव्हती. "म्हणते, या घरात दोघं आहेत. म्याडमने लिहिलंय. एकाला सोडून मी कशी येऊ?" सरिताने माझ्याकडे पाहिलं. "दिदी, ती तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा, की आता यायला हरकत नाही."

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. माझ्या भाषेत लेक म्हणजे मूल. मला काहीच कळलं नव्हतं. ती चुकून केलेली बेरीज होती.

आत वॉशिंग मशीन फिरत होतं. सरिताचा चेहरा हळूहळू कठीण झाला. "माझी आई चोवीस पावलं खणत होती," ती म्हणाली. "तिचे हात महिनाभर मिटत नव्हते. आणि अजून ती तिथे बसून आहे. एका शब्दासाठी?" मी हो म्हणून मान हलवली. "मग हेच तिला सांगा. जसंच्या तसं. तुमच्यामुळे अडकली आहे, तुम्हीच सोडवा."

शनिवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं. मी वाक्यं लिहून, पाठ करून नेली होती, या वेळी एका खऱ्या नेपाळी माणसाकडून तपासून. पडद्यावर आधी छत आलं, मग एक कान आणि त्यातलं सोन्याचं फूल, मग एकदम जवळून आमाचं कपाळ. तिने मला लगेच ओळखलं. म्हातारी झालीस म्हणाली. सुंतले यंदा खूप लागलेत, तोडायला माणूस नाही म्हणाली. धारा, म्हणजे आपला नळ, अजून चालू आहे, पाणी गोड आहे म्हणाली. मी ते सगळं गिळत राहिले. मग सरिताने मला कोपराने ढोसलं आणि मी बोलले.

आमा, माझी चूक झाली. तुम्ही लेकमा म्हणालात, मला ते कळलं नाही. आमच्या भाषेत लेक म्हणजे छोरो. मला वाटलं तुमचा मुलगा घरी आहे, म्हणून मी दोन लिहिलं. ते मनापासून लिहिलेलं नव्हतं. ते चुकीचं आहे. त्या कागदासाठी तिथे राहू नका. सरिताकडे या.

तिकडे कोंबडा आरवला. आमा हलली नाही. मला वाटलं फोन अडकला. शिव्या दे, मी मनात म्हणत होते, काहीतरी बोल.

"तिम्रो भाषामा," तिने सावकाश विचारलं, "लेक भनेको छोरो?" तुझ्या भाषेत लेक म्हणजे मुलगा?

"हो, आमा."

फोन हलला. पडवी गेली, कठडा गेला, त्यावर पांढरं काहीतरी होतं ते गेलं. संत्र्याचं झाड वाकडं होऊन सरकलं आणि मग पडद्यावर सगळा तो डोंगरच आला. माथ्यावर ऊन पडलं होतं, खालचं सगळं अजून निळं होतं. त्या हंगामात मी त्याच्या पायथ्याशी इतके दिवस काढले आणि त्याला काय म्हणतात हे कधी विचारलं नव्हतं.

"त्यो?" मागून तिचा आवाज आला. तो?

मी पाठ केलेल्या वाक्यांत याचं उत्तर नव्हतं. नाही म्हणायला हवं होतं. मी पुन्हा "हो" म्हणाले.

"मी रोज सकाळी त्याच्याकडेच बघते," आमा म्हणाली. मग थोडं हसली, जणू मी तिला काही आणून दिलं होतं. "त्यसो भए म कसरी छोडेर आउँ, नानी?" असं असेल तर मी त्याला सोडून कशी येऊ, बाळा?

सरिताने तोंडावर हात ठेवला. मी तिच्याकडे बघू शकले नाही आणि तीही माझ्याकडे बघत नव्हती. सोडवायला बसले होते आणि मीच आणखी एक गाठ मारली होती, त्याच शब्दाची. आमाने फोन तसाच धरून ठेवला होता. पडद्यावर डोंगर थोडा हलत होता. ऊन हळूहळू खाली येत होतं. फोन बंद कर असं कुणीच म्हणालं नाही, आणि अर्विंगच्या त्या खोलीत आम्ही दोघी तिच्या लेकाकडे बघत बसलो.